भाव देणारे, भाव पाडणारे

हे छोटे पुस्तक हदगाव, तामसा, हिमायतनगर या भागातला वाचक डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहे. शेअर बाजारावरच्या मराठी पुस्तकांची आता वाण नाही, पण त्यांतली बहुतेक ‘कोणता शेअर घ्यावा’ इथे सुरू होतात आणि तिथेच संपतात. भाव ठरतो कसा, तो ठरताना मधे कोण बसलेले असते आणि त्यांच्या हातात नेमके किती असते, हा प्रश्न बाजूलाच राहतो. या पुस्तकात तेवढाच प्रश्न घेतला आहे.

तक्रार तर रोज कानावर येते. मोंढ्यात सोयाबीन उतरले की शेतकरी म्हणतो, व्यापाऱ्यांनी भाव पाडला. मोबाइलवर खाते उघडून शेअर घेतलेला शिक्षक, पतसंस्थेतला कारकून, कृषी सेवा केंद्र चालवणारा पोरगा म्हणतो, ऑपरेटरने शेअर पाडला, माझा स्टॉपलॉस उडवला आणि परत वर नेला. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे समजले नाही की माणूस चुकीच्या शत्रूशी भांडत बसतो आणि खरा खिसेकापू शेजारून निघून जातो.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. मार्केट मेकर (दोन्ही बाजूंचे भाव देणारा) आणि शॉर्ट सेलर (जवळ नसलेला शेअर विकणारा) भाव हलवतात, यात शंका नाही. मात्र ते किती हलवू शकतील, हे त्यांच्या हुशारीपेक्षा बाजार किती पातळ आहे यावर ठरते. मोंढ्यातल्या लिलावाला चार खरेदीदार आले आणि त्यातले दोघे एकाच मिलसाठी बोली लावणारे असले, तर चांगल्या मालालाही पडता भाव मिळतो. दुसऱ्या दिवशी पंधरा जण आले की तोच माल, तेच मॉइश्चर, आणि भाव वेगळा. चार जणांच्या दिवशी जो ‘राजा’ वाटतो, तो पंधरा जणांच्या दिवशी नुसता एक खरेदीदार असतो. शेअर बाजारात हे पडद्याआड होते, म्हणून गूढ वाटते.

शेअरकडे वळण्याआधी सोयाबीनचीच गोष्ट पाहू, कारण ती या भागाने अंगावर काढली आहे. २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीनने क्विंटलला १० हजारांचा टप्पा ओलांडला. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. पुढे नवा माल बाजारात आला आणि भाव जवळपास निम्म्यावर आला. त्या वेळी वायदे बाजार चालू होता, तेव्हा सगळा राग सटोडियांवर निघाला. २० डिसेंबर २०२१ रोजी सेबी या बाजार नियामकाने सोयाबीन, हरभरा, मोहरी, गहू, बिगर-बासमती भात, मूग आणि कच्चे पामतेल अशा सात शेतमालांचे वायदे थांबवले. यातली गंमत अशी की सरकारची चिंता महागाईची होती. वायद्यांमुळे भाव चढतात, असा तिचा रोख. शेतकऱ्याची तक्रार नेमकी उलटी, की वायद्यांमुळे भाव पडतात. एकाच आरोपीवर दोन परस्परविरोधी गुन्हे दाखल झाले आणि तो दोन्हींत दोषी ठरला!

मग झाले काय? बंदी असतानाच २०२२ च्या उन्हाळ्याआधी सोयाबीन पुन्हा सात हजारांच्या वर गेले, कारण युक्रेनचे युद्ध पेटले आणि खाद्यतेल जगभर महागले. आणि बंदी असतानाच २०२४ च्या दिवाळीत, हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर झालेला असताना, मराठवाड्यातल्या बाजारांत चार हजार ते सव्वाचार हजारांवर सौदे होत होते. सोयाबीनच्या वायद्यात विकून ठेवणारा एकही मंदीवाला देशात नव्हता, तरी भाव पडला. ब्राझील-अर्जेंटिनाचे पीक, पेंडीची घटलेली निर्यात, तेलावरचे आयात शुल्क यांनी तो ठरवला. शेतकरी संघटनेने वायदेबंदीला विरोध केला तो यासाठीच. वायदा असता तर पेरणीच्या वेळी निदान दिवाळीच्या भावाचा अंदाज तरी दिसला असता. शिवाय वायद्यात जितके विकणारे तितकेच घेणारे असतात. एक बाजू नसेल तर सौदाच होत नाही. एवढे ध्यानात ठेवून आता दलाल स्ट्रीटवर जाऊ.

मार्केट मेकर म्हणजे दोन्ही भाव सांगून बसलेला माणूस: ‘या भावाला घेतो, या भावाला देतो.’ मुंबईच्या बाजारात पडद्यावरचे व्यवहार मार्च १९९५ मध्ये सुरू झाले. त्याआधी ओरडून सौदे व्हायचे तेव्हा हे काम जॉबर करायचे. गुजराती दलाल त्यांना तारवणीवाला म्हणत. समजा, त्याने एका शेअरला १०० रुपये आणि १००.५० असे दोन भाव दिले. घेणारा आणि देणारा दोघेही आले तर मधले ५० पैसे त्याचे. त्याचे पोट या फरकावर चालते; शेअर वर जातो की खाली, याच्याशी त्याचा संबंध येऊ नये, अशीच त्याची इच्छा असते. पण सकाळपासून नुसते विकणारेच आले तर त्याच्याकडे माल साचतो. मग तो आपले दोन्ही भाव खाली सरकवतो, ९९ आणि ९९.५०, म्हणजे विकणारे थांबतील आणि घेणारे येतील. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, याने भाव पाडला. खरे तर लोकांनी विकले आणि त्याने ते फळ्यावर लिहिले. वाईट बातमी आली की तो फरकच वाढवतो, ९७ आणि १००. कारण समोरून विकणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असेल, ही भीती त्याला सतत असते. म्हणून त्याचा भावावरचा खरा परिणाम दिशेत कमी आणि खड्ड्यांत जास्त दिसतो. तो बसलेला असला की भाव पायरी-पायरीने उतरतो. तो उठून गेला की कोसळतो.

हे ५ ऑक्टोबर २०१२ रोजी साऱ्या देशाने पाहिले. एमके ग्लोबल या दलाली कंपनीकडून चुकीने साडेसहाशे कोटींहून अधिक रकमेच्या विक्रीच्या ऑर्डर गेल्या. समोर खरेदीच्या तेवढ्या ऑर्डरच नव्हत्या. निफ्टी काही क्षणांत १५ टक्क्यांच्या वर खाली गेला आणि व्यवहार थांबवावे लागले. कोणी कट केला नव्हता, कंपन्यांचे कारखाने बंद पडले नव्हते. समोर घेणारे संपले, एवढेच. निफ्टीसारख्या निर्देशांकाचे असे होते, तर रोज दोन-पाच हजार शेअर हलणाऱ्या कंपनीचे काय होत असेल, याचा विचार वाचकाने करावा.

आपल्याकडे मोठ्या शेअरांत आता नेमलेला मार्केट मेकर नसतो. तिथे संगणकावर चालणाऱ्या मोठ्या दलाली पेढ्या आणि परदेशी कंपन्या आपापल्या फायद्यासाठी दोन्ही बाजूंचे भाव लावत असतात, आणि त्यांच्या स्पर्धेमुळे मधला फरक पैशांवर आला आहे. नियमाने मार्केट मेकर लागतो तो एसएमई बाजारात, म्हणजे २०१२ पासून मुंबई शेअर बाजार आणि एनएसईने छोट्या कंपन्यांसाठी उघडलेल्या विभागांत. तिथे नोंदणी झाल्यावर निदान तीन वर्षे कोणीतरी दोन्ही भाव देत बसले पाहिजे, अशी अट आहे. अट चांगली आहे. पण ज्या शेअरला भाव देण्यासाठी माणूस नेमावा लागतो, तो शेअर मुळात पातळ आहे, हे त्या अटीतच कबूल केलेले असते. आयपीओला शंभरपट मागणी आली म्हणून नाचणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे की तीन वर्षांनी तो माणूस उठून गेल्यावर आपला माल कोण घेणार आहे.

आता शॉर्ट सेलर. आपल्याकडे नसलेला शेअर आधी विकायचा आणि भाव उतरल्यावर घेऊन परत करायचा, हा त्याचा धंदा. धंदा जुना आहे. १६०९ मध्ये आयझॅक ल मेर या व्यापाऱ्याने डच ईस्ट इंडिया कंपनीचे शेअर असे विकले आणि पुढच्याच वर्षी डच सरकारने त्यावर बंदी घातली. तेव्हापासून आजपर्यंत भाव पडले की सरकारांना पहिल्यांदा तोच आठवतो. शॉर्ट सेलरच्या विक्रीने बाजारात माल वाढतो आणि भावावर दाब येतो, हे खरेच आहे. पण त्याने विकलेला प्रत्येक शेअर त्याला कधी ना कधी परत घ्यावा लागतो. स्वतःकडचा शेअर विकून मोकळा झालेला माणूस परत येत नाही. शॉर्ट सेलरला यावेच लागते. तो आजचा विक्रेता आणि उद्याचे सक्तीचे गिऱ्हाईक असतो. ही सक्ती ज्याला दिसली, त्याने मंदीवाल्यांना पार धुतल्याची सर्वांत गाजलेली कथा मुंबईचीच आहे.

१९८२ साली कलकत्त्याच्या मंदीवाल्या दलालांनी रिलायन्स टेक्स्टाइलवर डाव टाकला. मार्चच्या मध्यापासून त्यांनी शेअर विकायला सुरुवात केली. भाव १३१ वरून १२१ पर्यंत दाबला गेला, पण त्याखाली जाईना, कारण विकलेला प्रत्येक शेअर कोणीतरी उचलत होते. मंदीवाल्यांनी मिळून सुमारे ११ लाख शेअर विकले आणि ते त्यांच्याकडे नव्हते. त्या काळी ‘बदला’ पद्धत होती. व्याजासारखी रक्कम मोजून सौदा पुढच्या पंधरवड्यावर ढकलता येई. एप्रिलच्या अखेरीस समोरच्यांनी सांगितले, ढकलायचे नाही, माल द्या. माल कुठून आणणार? धावपळ उडाली, भाव भडकला, आणि मुंबईचा शेअर बाजार तीन दिवस बंद ठेवावा लागला. घेणाऱ्यांची ओळख हा पुढे संसदेत प्रश्न झाला. परदेशातून रिलायन्समध्ये पैसा घालणाऱ्या ‘क्रॉकोडाइल’, ‘लोटा’, ‘फियास्को’ अशा नावांच्या कंपन्या उजेडात आल्या. या गोष्टीत धीरूभाई अंबानींची बहादुरी सांगतात, तशी ती सांगायला हरकत नाही. मला त्यातून दिसते ते निराळेच. मंदीवाले हरले ते शेअरच्या खऱ्या किमतीबद्दल चुकले म्हणून नव्हे. बाजारात मोकळा माल किती आणि तो कोणाच्या हातात आहे, हे त्यांनी मोजले नव्हते. चार दशकांनंतर, जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेत गेमस्टॉप या कंपनीचा शेअर शॉर्ट करणाऱ्या बड्या फंडांना हाच दणका बसला.

बंदीने काय साधते, याचाही अनुभव आपल्याला आहे. मार्च २००१ मध्ये शेअर दलाल केतन पारेखचा फुगा फुटला, बाजार कोसळला, तेव्हा सेबीने शॉर्ट विक्रीवर बंदी आणली. बाजार तरीही घसरतच राहिला आणि सप्टेंबरात सेन्सेक्स २,६०० च्या आसपास पोहोचला. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेने बँका-वित्त कंपन्यांच्या सुमारे ८०० शेअरांत अशीच बंदी घातली. भाव पडायचे थांबले नाहीत. घेण्या-देण्याच्या भावातला फरक मात्र वाढला, असे पुढच्या अभ्यासांत दिसले. विकणारा बाहेर काढला की घेणाराही बिचकतो, कारण आपण अडकलो तर सुटायची वाट राहिली का, हे त्याला कळत नाही.

आजचा नियम असा: हातात शेअर नाही आणि उसनाही घेतलेला नाही, अशी उघडी शॉर्ट विक्री आपल्याकडे चालत नाही. एप्रिल २००८ पासून शेअर उसने घेण्या-देण्याची अधिकृत सोय आहे, पण ती फारशी वापरात नाही. तुमच्या-आमच्यासारखा माणूस सकाळी विकून साडेतीनच्या आत परत घेऊ शकतो, नाहीतर फ्युचर-ऑप्शनकडे, म्हणजे शेअरांच्या वायदे व्यवहारांकडे, जातो. सकाळी विकलेला शेअर वरच्या सर्किटला, म्हणजे दिवसाच्या कमाल भावमर्यादेला, जाऊन बसला तर तो परत घेताच येत नाही. मग बाजार लिलावातून तो मिळवतो आणि भुर्दंड तुमच्या खात्यावर पडतो. पातळ शेअरात ‘जरा शॉर्ट करून पाहू’ म्हणणाऱ्याने ही ओळ दोनदा वाचावी.

शॉर्ट सेलरचे दुसरे हत्यार म्हणजे बोलणे. २४ जानेवारी २०२३ रोजी हिंडेनबर्ग या अमेरिकी संस्थेने अदानी समूहावर अहवाल काढला. अदानी एंटरप्रायझेसचा शेअर तेव्हा ३,४०० च्या वर होता. ३ फेब्रुवारीला तो दिवसभरात हजाराच्या जवळ येऊन गेला, आणि त्याआधीच २० हजार कोटींची शेअर विक्री समूहाने मागे घेतली होती. इथे बारकाईने पाहिले पाहिजे. हिंडेनबर्गने आपले सौदे अमेरिकेत व्यवहार होणारे रोखे आणि भारताबाहेरचे डेरिव्हेटिव्ह यांत असल्याचे सांगितले होते. म्हणजे मुंबईत ज्यांनी शेअर विकले, ते मुख्यतः आधीपासून बाळगून असलेले आणि घाबरलेले लोक होते. शॉर्ट सेलरने शंका पेरली, भाव पाडला धारकांनी. आणि तो इतका पडला याचे एक कारण असे, की प्रवर्तक आणि मोजके फंड सोडले तर बाजारात फिरणारा माल थोडाच होता. पुढे जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास सेबीकडेच ठेवला, जून २०२४ च्या सुरुवातीला शेअर जुन्या भावाच्या वर गेला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सेबीने काही आरोपांतून समूहाला मुक्त केले. खुद्द हिंडेनबर्गने जानेवारी २०२५ मध्येच गाशा गुंडाळल्याचे जाहीर केले. कोण खरा, कोण खोटा, हा वाद मी या पुस्तकात घेतलेला नाही. शॉर्ट सेलरचा हेतू स्वार्थीच असतो. पण हर्षद मेहताच्या काळापासून आपल्याकडे कंपन्यांची अंडीपिल्ली बाहेर काढण्यात स्वार्थी माणसांचा वाटा मोठा आहे, हेही नाकारता येत नाही.

भाव देणारा आणि भाव हलवणारा यांच्यातली रेघ कुठे पुसट होते, याचे ताजे उदाहरण म्हणजे जेन स्ट्रीट. ३ जुलै २०२५ च्या अंतरिम आदेशात सेबीने या अमेरिकी कंपनीला ४,८४३ कोटी रुपयांहून अधिक रक्कम जमा करायला सांगितले. आरोप असा: १७ जानेवारी २०२४ सारख्या बँक निफ्टीच्या ऑप्शनची मुदत संपण्याच्या (एक्स्पायरीच्या) दिवशी सकाळी बँकांचे शेअर आणि फ्युचर जोरात घ्यायचे, निर्देशांक उचलायचा, त्याच वेळी ऑप्शनमध्ये कितीतरी मोठी मंदीची बाजू धरायची, आणि दुपारी शेअर विकून निर्देशांक खाली आणायचा. शेअरांत थोडा तोटा, ऑप्शनमध्ये भरपूर नफा. कंपनीने आरोप नाकारले. हा नेहमीचा आर्बिट्राज, म्हणजे दोन बाजारांतल्या भावफरकाचा व्यवहार, आहे, असे तिचे म्हणणे, आणि तिने आदेशाविरुद्ध अपील केले. निकाल काहीही लागो, आरोपातली यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. शेअरांचा बाजार लहान आणि त्यावर उभा असलेला ऑप्शनचा बाजार प्रचंड, अशी उलटी उतरंड झाली की खालचे छोटे मडके हलवून वरची मोठी हलवता येतात.

आणि वरच्या मडक्यात कोण आहे? सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या दर १०० सामान्य व्यक्तींपैकी ९३ जणांनी पैसे गमावले; सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. या लोकांत तीन-चतुर्थांशांहून अधिक जणांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांखाली दाखवले होते, आणि ७० टक्क्यांहून अधिक जण देशातल्या पहिल्या ३० शहरांबाहेरचे होते. म्हणजे नांदेड-लातूरचे, आणि हदगावचेही. हे आकडे वाचून माझे मत पक्के झाले आहे, आणि ते कोणाला कडू लागले तरी इथे नोंदवतो: छोट्या गावातल्या माणसाने साप्ताहिक ऑप्शनकडे फिरकू नये.

स्टॉपलॉस उडवण्याची तक्रार राहिली. स्टॉपलॉसच्या ऑर्डर, म्हणजे ठरावीक भाव लागला की तोटा थांबवण्यासाठी शेअर विकायच्या सूचना, भाव तिथे पोहोचेपर्यंत पडद्यावर दिसत नाहीत. पण त्या कुठे असणार, हे सांगायला कोणी ज्योतिषी लागत नाही. शंभरच्या जरा खाली, कालच्या नीचांकाच्या जरा खाली, सगळ्यांनी एकाच जागी ठेवलेल्या असतात. पातळ शेअरात तिथवर भाव ढकलायला फारसे भांडवल लागत नाही. जाड शेअरात लागते, आणि समोर तितकेच तगडे लोक उभे असतात.

आणि हे सारे मंदीवाल्यांबद्दल झाले. छोट्या शेअरांतला मोठा दरोडा भाव पाडून नव्हे, चढवून घातला जातो. मार्च २०२३ मध्ये सेबीने साधना ब्रॉडकास्ट प्रकरणात अंतरिम आदेश काढला. त्यात आरोप होता की यूट्यूबवर खोट्या बातम्यांचे व्हिडिओ टाकून शेअर फुगवला आणि आतल्यांनी आपला माल लोकांच्या गळ्यात मारला. तिथे एखादा शॉर्ट सेलर असता तर फुगा इतका वाढला नसता. टेलिग्रामच्या गटात ‘उद्या अप्पर सर्किट’ म्हणून येणारा निरोप हा त्याच जातीचा. तो पाठवणारा तुमचा मित्र असला तरी त्याच्या हातात माल आहे का, हे आधी विचारावे.

पुढच्या प्रकरणांत ही यंत्रणा सावकाश उलगडली आहे: ऑर्डर बुक कसे वाचायचे, डिलिव्हरीचे प्रमाण काय सांगते, बल्क डीलच्या यादीत कोणाची नावे पाहायची, सर्किट आणि ट्रेड-टू-ट्रेड म्हणजे काय. ज्यांना घाई आहे, त्यांनी निदान ऑर्डर बुकचे प्रकरण आधी वाचावे. शेअर घेण्यापूर्वी त्यातल्या रोजच्या उलाढालीचा आकडा पाहा, आपल्याला विकायचे आहे तेवढा माल समोरच्या पाच भावांत कोणी घ्यायला बसले आहे का ते मोजा, आणि नसेल तर तो शेअर कितीही स्वस्त दिसला तरी सोडून द्या.